रोजच्या व्यवहारातलं आणि खेळातलं गणित: पालकांचे आणि मुलांचे वारंवार येणारे प्रश्न

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतले पालक, शिक्षक आणि बऱ्याचदा मुलं स्वतःच हे प्रश्न पाठवतात. काही प्रश्न इतक्या वेळा येतात की त्यांची उत्तरं एका जागी असलेली बरी. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. उत्तराचा उरलेला भाग दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. उदाहरणांतले दर आणि रकमा हिशोब समजण्यापुरत्या घेतल्या आहेत, त्यांना आजचा बाजारभाव समजू नये.

१. रोजच्या व्यवहारातलं गणित म्हणजे सुट्टे पैसे मोजणं एवढंच ना?

नाही. अंदाज बांधणं, तुलना करणं, वाटणी करणं, मापं बदलणं, काय होण्याची शक्यता जास्त ते ओळखणं, हे सगळं गणितच आहे. तासगावकडे द्राक्षांचा दर चार किलोच्या पेटीवर बोलतात, हळदीचा क्विंटलवर, अंडी डझनावर नाहीतर तीसच्या ट्रेवर. ज्या घरात बाग आहे तिथल्या दहा-बारा वर्षांच्या पोराने "पेटी तीनशे वीस" ऐकलं की किलोला ऐंशी पडले हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. गोट्यांत किती जोराने मारायचं, लंगडीत किती मागे सरकायचं, पंगतीत दोनशे माणसांना भाताचं आधण किती ठेवायचं, या सगळ्यात मोजणं आहे. फक्त त्याला आपण गणित म्हणत नाही, आणि म्हणूनच मुलांनाही वाटतं की आपल्याला गणित येत नाही.

२. आमचा मुलगा बाजारात भाजी विकताना रुपयाही चुकत नाही, पण गणिताच्या पेपरात जेमतेम काठावर पास होतो. हे असं कसं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

कराडच्या आठवडी बाजारात टोमॅटो विकणाऱ्या सातवीतल्या एका मुलाला मी पावणेदोन किलोचे पैसे विचारले. दर छत्तीस रुपये. मान वर न करता तो म्हणाला, "त्रेसष्ट." कसे काढलेस? "दोन किलोचे बहात्तर. पाव किलो कमी, म्हणजे नऊ गेले." तेच त्याला कागदावर ३६ × १.७५ असं लिहून दिलं. त्याने आकडे एकाखाली एक मांडले, गुणाकार बरोबर केला, दशांशचिन्ह चुकीच्या जागी टाकलं आणि उत्तर लिहिलं ६३०. पावणेदोन किलो टोमॅटोचे सहाशे तीस कुणी मागितले असते तर त्यानेच भांडण काढलं असतं. कागदावरच्या ६३० कडे मात्र त्याने पुन्हा पाहिलंही नाही. तो आकडा टोमॅटोचा नव्हता, रुपयांचाही नव्हता.

हे एका मुलाचं नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक बनून विचारलेल्या हिशोबांत त्यांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. शाब्दिक उदाहरणं दिली तेव्हा ७४ टक्के. आणि तेच आकडे नुसत्या बेरीज-गुणाकाराच्या रूपात कागदावर दिले तेव्हा फक्त ३७ टक्के. आपल्याकडे अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर मोठा अभ्यास केला, तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष तोच: बाजारातली मुलं गुंतागुंतीचे हिशोब तोंडी करतात, पुस्तकी मांडणीत अडतात. पण त्या अभ्यासाची दुसरी बाजू आपल्याकडे कमी बोलली जाते. शाळेत जाणारी, बाजाराशी संबंध नसलेली मुलं पुस्तकी गणितं त्यांच्यापेक्षा बरी करत होती आणि बाजारातल्या साध्या हिशोबात अडखळत होती.

म्हणजे दोघांकडेही अर्धं अर्धं गणित आहे. तुमचा मुलगा "ढ" नाही, आणि वर्गातला पहिला मुलगा मंडईत गोंधळला तर तोही ढ नाही. या दोन अर्ध्यांची गाठ शाळेत आपोआप पडत नाही. ती कुणीतरी मुद्दाम घालून द्यावी लागते.

३. मग ही गाठ घरी कशी घालायची? आम्ही काही शिक्षक नाही.

शिक्षक असायची गरज नाही. मूल तोंडी हिशोब करतं तेव्हा उत्तर बरोबर आहे का हे विचारू नका, "कसं काढलंस?" हे विचारा. तो जे बोलेल तेच कागदावर लिहा. वरच्या मुलाचं बोलणं लिहिलं तर असं दिसतं: (३६ × २) − (३६ ÷ ४) = ७२ − ९ = ६३. मग त्याला दाखवा की १.७५ म्हणजेच २ वजा ०.२५, म्हणजे तो जे करत होता ते हेच. यानंतर शाळेतली उभी मांडणी करायला सांगा आणि दोन्ही उत्तरं जुळतात का ते त्यालाच तपासू द्या. पुढच्या वेळी कागदावर ६३० आलं तर कुठेतरी बिघडलंय हे त्याचं त्यालाच कळेल.

एक विनंती. "तुझी रीत चुकीची, शाळेतली बरोबर" असं म्हणू नका. त्याची रीत बरोबरच आहे. पेपरात पायऱ्यांना गुण असतात म्हणून पायऱ्या लिहायला शिकायचं, असं सरळ सांगितलं की मुलांना ते पटतं.

४. पाढे पाठ करून घ्यावेत का? आमचे आजोबा पावकी-दिडकी म्हणतात, ते आता कशाला?

पाढे पाठ हवेतच. ज्याला सात आठे छप्पन्न शोधत बसावं लागतं, त्याचं लक्ष पुढच्या विचाराकडे उरत नाही. तिसापर्यंत पाठ नसले तरी चालतात, वीसपर्यंत पक्के असले की पुष्कळ.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे. माझं मत विचाराल तर यातल्या निदान तीन, म्हणजे पावकी, दिडकी आणि अडीचकी, आजही मुलांना द्याव्यात. आपली भाषा व्यवहारात अजून सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच अशीच बोलते. ज्या मुलाला सात दिडे साडेदहा तोंडपाठ आहे त्याला सहावीत १.५ × ७ बघून धडकी भरत नाही. आजोबा घरात असतील तर हे काम त्यांच्याकडे सोपवा.

५. फोनमध्ये कॅल्क्युलेटर असताना तोंडी हिशोब कशाला?

कॅल्क्युलेटर खुशाल वापरा, पण आधी अंदाज सांगायचा हा नियम ठेवा. बोट चुकून एक शून्य जास्त पडलं तर फोन तक्रार करत नाही. अंदाज करणाऱ्याला ते लगेच खटकतं.

६. चार-पाच वर्षांच्या मुलाला काय द्यावं?

पाटी-पेन्सिल घेऊन बसवू नका. ताटं मांडताना "माणसं किती, वाट्या किती, कमी किती" एवढं पुरे. एका भाकरीचे चौघांत तुकडे, सागरगोट्यांत वर उडवलेला झेलेपर्यंत खालचे किती उचलले, जिन्याच्या पायऱ्या उतरताना उलटं मोजणं, हे सगळं त्या वयाचंच आहे.

७. सातबाऱ्यावर हेक्टर-आर, घरात बोलतात गुंठ्यात, आणि धान्य पायलीने. मुलांना कुठलं माप शिकवू?

तिन्ही, कारण तिन्ही त्यांच्या आयुष्यात आहेत. ४० गुंठे म्हणजे १ एकर. गुंठा म्हणजे ३३ फूट × ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. आर म्हणजे १० मीटर × १० मीटर, साधारण १,०७६ चौरस फूट. दोन्ही इतके जवळ आहेत की बोलताना लोक गुंठा आणि आर एकच धरतात. पण एका एकरात ४० नव्हे, ४०.४७ आर बसतात. फरक जवळजवळ अर्ध्या गुंठ्याचा, पाचशे चौरस फूट. वाटणीच्या वेळी भावाभावांत बोलाचाली व्हायला एवढी जागा पुरते. मोठ्या मुलांना हा हिशोब घरच्याच सातबाऱ्यावर करू द्या, वहीतल्या काल्पनिक शेतापेक्षा त्यात त्यांचा जीव जास्त रमतो.

पायलीचं वेगळं. चार शेरांची पायली हे आकारमानाचं माप आहे, वजनाचं नाही. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर भुईमुगाच्या शेंगा काट्यावर ठेवून बघा म्हणावं. घनतेचा धडा पुढे शाळेत येतो तेव्हा त्या मुलांना तो आधीच झालेला असतो.

शेतातलंच आणखी एक: उसाची सरी ५ फुटांची आणि दोन रोपांत २ फूट अंतर ठेवलं, तर एकरी रोपं किती? ४३,५६० ला १० ने भागा, ४,३५६. रोपवाटिकेत आगाऊ नोंदणी करायला जाताना हे मुलाकडून काढून घ्या आणि नांग्या, म्हणजे रोप मेलेल्या जागा, भरायला वर किती धरायची हेही त्यालाच ठरवू द्या.

८. डेअरीच्या स्लिपवर फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम असतं. मुलगी विचारते, दोन गाईंचं दूध एकत्र घातलं तर फॅट किती लागेल? आम्ही सांगतो "मधली". बरोबर का?

दोन्ही गाई सारखंच दूध देत असतील तरच बरोबर. समजा एकीचं ६ लिटर दूध ४.० फॅटचं आणि दुसरीचं ४ लिटर ३.२ फॅटचं. मधली म्हणाल तर ३.६. पण खरा हिशोब असा: ६ × ४.० = २४, ४ × ३.२ = १२.८, बेरीज ३६.८, भागिले १० लिटर, म्हणजे ३.६८. जिचं दूध जास्त, तिच्या बाजूला आकडा झुकतो.

मुलीने हा प्रश्न विचारला यातच खूप आलं. भारित सरासरी हा शब्द तिला पुढे कधीतरी भेटेल. सध्या तिला आठवडाभराच्या स्लिपा जमवायला सांगा आणि सकाळच्या आणि संध्याकाळच्या फॅटमधला फरक एका कागदावर टिपायला सांगा. दर कमी लागला की घरात जी कुरकुर होते, तिला त्या कागदाने आधार मिळतो.

९. ठिपक्यांच्या रांगोळीत गणित असतं असं ऐकलं. म्हणजे नक्की काय?

"१५ ते ८" ची रांगोळी घ्या. मधल्या ओळीत १५ ठिपके, वर आणि खाली प्रत्येकी १४, १३, असे कमी होत ८ पर्यंत. एकूण ठिपके किती? एकेक मोजत बसणारी मुलगी वैतागते. थोडा विचार करणारी म्हणते, १४ ते ८ ची बेरीज ७७, दोन बाजूंची १५४, मधले १५ मिळवले की १६९.

आता गंमत बघा. ८ चा घन ५१२, ७ चा घन ३४३, वजाबाकी १६९. "१३ ते ७" काढा: ७ चा घन ३४३, वजा ६ चा घन २१६, म्हणजे १२७, आणि मोजले तरी १२७. "७ ते ४" ला ६४ वजा २७, ३७. कडेच्या ओळीतला आकडा घ्यायचा, त्याच्या घनातून एक कमी असलेल्या आकड्याचा घन वजा करायचा, एकूण ठिपके हजर. हे चालतं ते मधली ओळ कडेच्या ओळीच्या दुपटीपेक्षा एकने कमी असते तेव्हाच, म्हणजे आकृतीच्या सहाही बाजू सारख्या असतात तेव्हा. "१५ ते ५" ला हे सूत्र लावू नका, तिथे ओळींची बेरीजच करावी लागेल.

आठवीतल्या मुलींना मी हे का होतं ते शोधायला देते. एक वाट सांगून ठेवते: लहान घनाला तीन बाजूंनी एकेक थर चढवला की मोठा घन होतो. त्या तीन थरांतले ठोकळे मोजा आणि तो घन कोपऱ्यासमोरून कसा दिसतो ते कागदावर काढा. उरलेलं त्यांनी करावं.

१०. कवड्यांच्या पटात कुणाला आठ पडतात, कुणाला जन्मात पडत नाहीत. नशीबच ना?

चार कवड्या किंवा फोडलेले चार चिंचोके टाकून खेळायचा पट आपल्याकडे अजून आजीकडून नातवंडांकडे येतो. कुणी त्याला चल्लस-आठ म्हणतं, गावागणिक नाव आणि नियम थोडे बदलतात. नेहमीचा नियम असा: जितक्या उताण्या तितकी घरं, चारही उताण्या तर चार, चारही पालथ्या तर आठ, आणि चार किंवा आठ पडले की पुन्हा डाव.

प्रत्येक कवडी उताणी-पालथी पडायची शक्यता सारखी धरली तर चार कवड्या १६ प्रकारे पडू शकतात. त्यांत एक पडायचे ४ प्रकार, दोनचे ६, तीनचे ४, चारचा १ आणि आठचा १. म्हणजे दोन सगळ्यांत जास्त वेळा, आणि आठ सोळा डावांत सरासरी एकदा. आठला एवढा मान का, ते यावरून कळतं.

आता खरी मजा. चिंचोका फोडला की एक बाजू सपाट पांढरी, दुसरी फुगीर तपकिरी. त्या दोन्ही बाजू सारख्याच वेळा वर येतील असं कुणी सांगितलं? मुलांना एकच चिंचोका शंभर वेळा टाकायला लावा आणि पाचपाचच्या काड्या मारून नोंद ठेवायला लावा. आमच्याकडे मुलं ओसरीवर बसून हे करतात. पांढऱ्या-तपकिरीचा आकडा ५०-५० च्या आसपास आला नाही की ती दुसरा चिंचोका आणतात, मग तिसरा, आणि शेवटी "हा लबाड चिंचोका आपल्या बाजूला ठेवू" इथपर्यंत येतात. पुस्तकातली शक्यता आणि हातातली वस्तू यांत फरक असतो, हे तिथे त्यांना कळतं.

११. लुडोत पाच वेळा सहा पडला नाही, म्हणजे सहाव्या वेळी पडणारच ना?

नाही. फाशाला मागचं काही आठवत नाही. प्रत्येक वेळी शक्यता सहात एक, तेवढीच. सलग ६ वेळा टाकूनही एकदाही सहा न येण्याची शक्यता जवळजवळ ३३ टक्के आहे, आणि १० वेळा टाकूनही न येण्याची १६ टक्के. म्हणजे चौघे खेळायला बसले की एखाद्याची सोंगटी घरातच अडकून पडणं अगदी साधं आहे. त्याच्यावर चिडू नका.

१२. मोबाईलवर पैसे लावून टीम बनवायचे खेळ डोक्याचे असतात, त्यात गणित सुधारतं, असं मुलगा म्हणतो.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली आहे, तेव्हा वाद तिथेच संपतो. पण मुलाला कारणही सांगा. शंभर जणांनी पन्नास-पन्नास रुपये घातले, चालवणाऱ्याने त्यातले काही काढून घेतले आणि उरलेले वाटले, तर शंभर जणांना मिळून जे परत येतं ते घातलेल्यापेक्षा कमीच असतं. कुणाचं डोकं कितीही चालो, ही बेरीज बदलत नाही. आकडेवारीची आवड असेल तर पैसे न लावता पुढचे दोन प्रश्न सोडवायला द्या.

१३. फलंदाजाची सरासरी काढताना धावांना डावांनी भागलं तर उत्तर चुकतं. का?

कारण भागायचं असतं बाद झालेल्या वेळांनी. विजय हजारे यांचंच उदाहरण घ्या, त्यांचा जन्म सांगलीचा, १९१५ चा. कसोटीत त्यांचे ३० सामने, ५२ डाव, धावा २,१९२, नाबाद ६ वेळा. २,१९२ ला ५२ ने भागलं तर ४२.१५ येतं. पण ते बाद झाले ४६ वेळा, म्हणून सरासरी ४७.६५.

हे योग्य आहे का, असं चुणचुणीत मुलं लगेच विचारतात. खालच्या क्रमांकावर येऊन नेहमी नाबाद राहणाऱ्याची सरासरी फुगते हे खरंच आहे. एकच आकडा सगळं सांगत नाही, म्हणून स्ट्राइक रेटही बघायचा. गल्लीतल्या स्पर्धेची वही ठेवणाऱ्या मुलाला या दोन्ही गोष्टी काढायला सांगा. माधवनगरच्या मैदानापासून आंतरराष्ट्रीय शतकांपर्यंत गेलेल्या स्मृती मानधना यांच्यामुळे सांगलीत आता मुलीही ही वही मागतात.

१४. आमच्या गावच्या स्पर्धेत नेट रनरेटवरून भांडण झालं. १७.३ षटकं म्हणजे १७.३ नेच भागायचं ना?

भांडण इथेच होतं. १७.३ मधला ३ हा दशांश नाही, ते तीन चेंडू आहेत. सहा चेंडूंचं षटक, म्हणून १७.३ षटकं म्हणजे साडेसतरा, १७.५. गोंधळ टाळायचा तर सगळं चेंडूंत करा: धावा × ६ ÷ चेंडू. १६.४ षटकांत १५० केल्या तर चेंडू १००, रनरेट ९.०.

दुसरी अडचण ऑलआउटची. संघ २० षटकांच्या सामन्यात १७.३ षटकांत १२० वर बाद झाला, तर नेट रनरेटसाठी पूर्ण २० षटकं धरतात, म्हणजे रनरेट ६.०. साडेसतराने भागून ६.८६ दाखवणारा संघ स्वतःचा फायदा करून घेतो. समोरच्याने २० षटकांत १६० केल्या असतील तर त्याचा रनरेट ८.०, आणि या सामन्यापुरता त्याचा नेट रनरेट, म्हणजे स्वतःचा रनरेट वजा समोरच्याचा, अधिक २. पाठलाग जिंकून आधी संपला असेल तर मात्र जितके चेंडू खेळले तितकेच धरायचे. स्पर्धेत जास्त सामने असतील तर प्रत्येक सामन्याचा नेट रनरेट काढून सरासरी करू नका. सगळ्या धावा आणि सगळे चेंडू आधी एकत्र करा, मग भागा. दुधासारखंच आहे हे, प्रश्न ८ पाहा.

१५. पोलीस भरतीसाठी १६०० मीटर पळतो. ट्रॅकवरची वेळ आणि शाळेच्या मैदानावरची वेळ जुळत नाही. माझं मोजणं चुकतंय का?

बहुतेक अंतर मोजण्यात चूक आहे. समजा लक्ष्य ५ मिनिटं १० सेकंदांचं आहे, म्हणजे ३१० सेकंद. ४०० मीटरच्या चार फेऱ्या, फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद. आता तुम्ही आतल्या रेषेपासून एक मीटर बाहेरून पळालात तर फेरीला किती अंतर वाढेल? वर्तुळाची त्रिज्या १ मीटरने वाढली की परीघ ६.२८ मीटरने वाढतो. मैदान लहान असो वा मोठं, एका फेरीला वाढ तेवढीच. चार फेऱ्यांत २५ मीटर, आणि त्या वेगाने हे जवळजवळ पाच सेकंद होतात. शाळेच्या २०० मीटरच्या मैदानावर फेऱ्या आठ, म्हणून वाढ ५० मीटरची, दहा सेकंदांच्या आसपास.

भरतीत पाच-दहा सेकंदांनी गुण जातात. अकॅडमीतल्या पोरांनी घोळक्याच्या बाहेरून पळताना हे ध्यानात ठेवावं. वळणावर आत राहा, पुढच्याला ओलांडायचं ते सरळ पट्ट्यात.

१६. कोयनेतून ५० हजार क्युसेक सोडलं म्हणतात. त्यावरून सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती चढेल हे मुलांना काढता येईल का?

अर्धं काढता येईल, आणि उरलेलं का काढता येत नाही हेही शिकता येईल.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. ५० हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाचौदा लाख लिटरच्या आसपास. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. दिवसाचे ८६,४०० सेकंद, तेव्हा ५० हजार क्युसेक दिवसभर चालू राहिलं तर ४.३२ टीएमसी पाणी गेलं. कोयनेची एकूण साठवण १०५.२५ टीएमसी, म्हणजे एका दिवसात धरणाचा चारेक टक्के भाग. साधारण ११,५७४ क्युसेक दिवसभर म्हणजे १ टीएमसी, एवढं लक्षात ठेवलं की बातमी ऐकता ऐकता हिशोब होतो.

चढ काढणं कठीण. आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ती रात्र आठवणारी मुलं आता कॉलेजात आहेत. तासाला चार इंच चढतंय, म्हणजे नऊ तासांत तीन फूट, असा हिशोब तेव्हा घराघरांत चालला होता. तो पहिल्या काही तासांपुरता जवळ जातो. पण पात्र सोडून पाणी पसरलं की तेवढंच पाणी कमी चढतं. उलट हरिपूरला मिळणारी वारणा फुगली असेल तर कृष्णेला पुढे सरकायला जागा राहत नाही आणि विसर्ग न वाढताही पातळी वाढते. धरणाखालच्या रानांत पडणारा पाऊस तर कुठल्याच विसर्गाच्या आकड्यात नसतो. म्हणून आलेख काढा, दर तासाला एक ठिपका, आणि रेषा सरळ जाते की वाकते ते बघा. मुलं हे छान करतात. सामान कधी हलवायचं ते मात्र प्रशासनाच्या सूचनेवरच ठरवायचं, आलेखावर नाही.

१७. गाडीच्या कर्जाला १० टक्के "फ्लॅट" व्याज आहे, बँकेचं १२ टक्के. फ्लॅटच स्वस्त ना?

महाग. ९०,००० रुपये, १० टक्के फ्लॅट, ३ वर्षं: व्याज २७,०००, एकूण १,१७,०००, हप्ता ३,२५०. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ९०,००० वर लागत राहतं. बँकेसारखं घटत्या शिलकीवर बघितलं तर हाच दर साधारण १८ टक्के पडतो. दोन कर्जांची तुलना करायची तर दर विचारू नका. तेवढीच रक्कम, तेवढेच महिने, हप्ता किती, हे विचारा. "५० टक्के सूट, वर आणखी २० टक्के" यातही असाच भास आहे: सूट ७० नाही, ६० टक्के मिळते, कारण वीस टक्के उरलेल्या पन्नासावर लागतात.

१८. खेळताना गणित शिकवायला गेलं की मुलं खेळच सोडून पळतात. काय करू?

मग शिकवू नका. मी हे मनापासून सांगते. खेळ मुलांचा आहे, आपण त्यात धडा घुसवला की खेळही जातो आणि गणितही. डाव चालू असताना गप्प बसा. संपल्यावर वाटलं तर एकच प्रश्न विचारा, "शेवटी तू ती सोंगटी का हलवलीस?" उत्तर आलं तर ऐका, नाही आलं तर सोडून द्या. त्यापेक्षा मुलाकडे खरी जबाबदारी द्या: क्रिकेटची वही, गणपतीत गल्लीच्या वर्गणीची नोंद, सहलीच्या खर्चाची वाटणी. तिथे चूक झाली की दोस्तच पकडतात, तुम्हाला बोलावं लागत नाही.

१९. एसटीच्या प्रवासात मुलं गाड्यांचे नंबर घेऊन ६१७४ चा खेळ खेळतात. तो काय आहे, आणि कधी कधी फसतो तो का?

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी हा शोधला. समोरच्या गाडीचे चार आकडे घ्या, एमएच १० असो, ११ असो वा कराडची ५०. समजा ३५२४. आकडे मोठ्यापासून लहान मांडा, ५४३२. मग उलटे, २३४५. वजा करा, ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहतं. कुठल्याही नंबराला जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. ज्याच्या गाडीला जास्त पायऱ्या लागल्या तो जिंकला, अशी मुलांची शर्यत असते.

फसतो तो दोन ठिकाणी. चारही आकडे सारखे असले, ७७७७ सारखे, तर पहिल्याच वजाबाकीत शून्य येतं आणि खेळ संपतो. दुसरी जागा शून्य विसरण्याची. २१११ घेतलात तर २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. इथे बरीच मुलं तीनच आकडे धरतात, ९९९ वजा ९९९ करतात आणि "बघा, चुकलं" म्हणतात. पुढचं शून्य धरून ०९९९ लिहायचं. मग ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, पुढे ८०८२, मग ८५३२, आणि पाचव्या पायरीला ६१७४. तीन आकडी नंबरांचा वेगळा खेळ आहे, त्यात ४९५ येतं. पाच आकड्यांवर करून बघितलंत तर कुठे एका जागी थांबणारच नाही, आकडे गोल गोल फिरत राहतील.